मोहरीएवढा शुक्र

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात. एक म्हणजे कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या चाव्या, अन् दुसरे म्हणजे किस्से. चाव्या तरी पाच-सात वर्षांनी कोणी भंगारवाल्याला देऊन टाकतं. किस्से काही जात नाहीत. नवा मास्तर आला की त्याला पहिल्या आठवड्यात चहासोबत सगळे पाजले जातात.

ठोंबरे सर रिटायर झाले तेव्हा हार, शाल, नारळ झाला, समोसे आले, अन् मग जो तो सरांच्या दुर्बिणीचे किस्से सांगायला लागला. लोक हसून हसून बेजार! मीही चार सांगितले. एक नाही सांगितला. बाबा तेव्हा घरी होते, अन् सौंसरची गोष्ट पांढुर्ण्याला पोचायला बसपेक्षा कमी वेळ लागतो. आता बाबाही नाहीत. म्हणून आज सांगून राहिली आहे. पण शेवटी सांगीन.

आधी माणसं ओळखून घ्या. मी कुंदा गावंडे, गणित शिकवते. राहायला पांढुर्ण्याला, शाळा सौंसरला; दोन्ही गावं मध्य प्रदेशात, नागपूरच्या अंगाला. पंचवीस वर्षं झाली, रोजचं अप-डाऊन. ठोंबरे सर फिजिक्सचे. शेषरावभाऊ आमचे भृत्य, म्हणजे शिपाई. शाळेतलं खरं राज्य त्यांचंच. अन् प्रिन्सिपल साहेब. ते आमच्या टोळीत कधीच नव्हते, फोटोत मात्र प्रत्येक वेळी होते.

दुर्बीण सरांनी स्वतः बनवली होती. नागपूरच्या चष्मेवाल्याकडून घासून आणलेलं भिंग, नळाचा प्लास्टिकचा पाइप अन् खाली दवाखान्यातून भंगारात निघालेला सलाईनचा स्टँड. तिच्यातून सूर्याकडे डोळा लावून पाहायचं नाही, डोळाच जाईल! सूर्याचा उजेड मागच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचा. पुठ्ठ्यावर पुरीएवढा सूर्य दिसतो.

शुक्र कधीमधी सूर्य अन् पृथ्वीच्या बरोबर मधून जातो. तेव्हा त्या पुरीवरून एक काळा ठिपका हळूहळू सरकताना दिसतो. याला अधिक्रमण म्हणतात. हे जोडीनं येतं. एकदा आलं की आठ वर्षांनी दुसरं, अन् मग शंभरावर वर्षं काही नाही. आमच्या वाट्याला आलेली जोडी २००४ अन् २०१२ ची.

०००

पहिला किस्सा माझाच, कारण तो कळल्याशिवाय बाकीच्यांत काही मजा नाही.

२००४ मध्ये मी सत्तावीसची होती. स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत. पाहायचा कार्यक्रम जामसांवलीला, हनुमानाच्या देवळात. आमच्याकडे देवळातच पाहतात. जमलं नाही तर दोन्हीकडच्यांना दर्शनाला गेलो होतो असं सांगता येतं!

मोठी माणसं प्रसाद घ्यायला गेली तेव्हा त्यानं विचारलं, "तुम्हाला आवड कशाची?" मी म्हटलं, "जूनमध्ये शुक्र सूर्यावरून जाणार आहे. तो पाहायचा आहे." दुसरा असता तर चप्पल घालून निघाला असता. हा म्हणाला, "मग दोघं पाहू न. जागा सांगा, मी येतो."

मला तो आवडला. आता या वयात काय लाजायचं? आवडला म्हणजे आवडला.

त्याला सुट्टी मिळाली ती नेमकी जूनच्या पहिल्या आठवड्यात. तारीख निघाली अधिक्रमणाच्या आदल्या दिवसाची. म्हणजे आज लग्न अन् उद्या नवऱ्यासोबत शुक्र! मी ठोंबरे सरांना सांगूनही टाकलं, पुठ्ठ्यासमोर एक खुर्ची जास्त ठेवा.

बाबांनी पंचांग उघडलं. बाबा मोहगावला पोस्टमास्तर होते. आयुष्यभर दोनच गोष्टींवर विश्वास, शिक्क्यावरची तारीख अन् पंचांगातली तिथी. त्यांनी चष्मा काढला अन् म्हणाले, "जमत नाही. तारा बुडालेला आहे."

शुक्र सूर्याच्या फार जवळ गेला की आकाशात दिसेनासा होतो. पंचांगात त्याला अस्त म्हणतात, आमच्याकडे तारा बुडाला म्हणतात. तारा बुडाला की लग्नं बंद. अन् अधिक्रमण तर होतंच तेव्हा, जेव्हा शुक्र सूर्याच्या अगदी पुढ्यात येतो! ज्या कारणानं मला तो दिसणार होता, त्याच कारणानं माझं लग्न होणार नव्हतं.

मुलाचे वडील म्हणाले, "पोस्टमास्तर साहेब, आम्ही तारा नाही पाहत, पोराची सुट्टी पाहतो."

"शुक्र बुडालेला असताना मी मुलगी देत नाही."

ते बिचारे पंधरा दिवस थांबायला तयार झाले. शुक्र उगवला की लगेच करू, पोरगा सुट्टी वाढवून घेईल. तर बाबा म्हणे, नवा उगवलेला तारा बाळ असतो, त्याला जरा मोठा होऊ द्या. तोवर आषाढी येते, पुढे चातुर्मास, त्यात त्या वर्षी अधिक महिना. म्हणजे गेलं तुळशीच्या लग्नानंतर!

मुलाचे वडील उठले. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "तारा मोठा होईपर्यंत पोरगी किती मोठी होईल, ते लिहिलं आहे का हो पंचांगात?"

माझी आई मी शाळेत असतानाच गेली. बाबांना टोकणारं घरात मीच होती. मी टोकायला पाहिजे होतं. मी चहाचे कप उचलले. बाबांनी पंचांग पुन्हा खिळ्याला अडकवलं.

०००

अधिक्रमणाच्या दिवशी मी सकाळच्याच बसनं सौंसर गाठलं. घरी थांबून करणार काय? बाबांनी ग्रहण समजून दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या अन् जप करत बसले होते. मी निघताना म्हटलं, "बाबा, हे ग्रहण नाही." ते म्हणाले, "सूर्यावर काही आलं की ग्रहणच."

शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या. तरी सरांनी पंधरा-वीस मुली गोळा केल्या होत्या. दुर्बीण आदल्या दिवशीच मैदानात बांधून, झाकून ठेवली होती. पावणेअकराच्या सुमारास शुक्र सूर्याच्या कडेला लागणार. सरांनी महिनाभर त्या क्षणाचा जप चालवला होता. "कड लागते तेव्हाच पाहायचं गावंडे मॅडम, तीच खरी मजा!"

वेळ झाली. सरांनी झाकण काढलं. पुठ्ठ्यावर सूर्य नाही! नुसता हिरवट-काळा अंधार. सर पाइप हलवतात, स्टँड फिरवतात, भिंग पुसतात. घाम कपाळावरून नाकावर. काही दिसेना. शेवटी पाइप खोलला, भिंग काढलं, तर आत भिंगाला चिकटलेलं तुळशीचं पान. एक नाही, तीन!

शेषरावभाऊ मागे हात बांधून उभे.

"भाऊ, हे तुम्ही टाकलं?"

"हाव जी. लोणच्यात टाकलं, पाण्याच्या माठात टाकलं. म्हटलं हिले काऊन सोडाचं? हे त ग्रहणाकडे सरळ तोंड करून उभी राहणार! बाटली असती न सर."

सरांनी सगळं पुन्हा जोडेपर्यंत शुक्र केव्हाच आत शिरून मजेत चालायला लागला होता. शंभर वर्षांत एकदा लागणारी कड, अन् ती लागली तेव्हा आम्ही तुळशीची पानं वेचत होतो! सरांनी घाम पुसला. नुसतं म्हणाले, "शेषराव, पाणी आणा. तुळशीचं नको."

मग पाहिला मी त्याला. पुरीएवढ्या सूर्यावर मोहरीएवढा शुक्र. एवढासा! ठोंबरे सरांनी खुर्ची एक जास्तच ठेवली होती. त्यांना मोडल्याचं सांगायचं राहून गेलं होतं. मी त्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली अन् शुक्राला मनात अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येणार नाही.

०००

चार दिवसांनी वरून एक आदेश आला. शाळेत शुक्राचं अधिक्रमण विद्यार्थ्यांना दाखवावं, फोटो काढावे अन् पालन प्रतिवेदन, म्हणजे केल्याचा अहवाल, तीन दिवसांत पाठवावं. आदेश निघाला होता अधिक्रमणाच्या आधी. वाटेत कुठल्या टेबलावर झोपला होता कोण जाणे.

सर म्हणाले, "साहेब, आपण केलं आहे न. लिहून पाठवा."

"फोटो आहे?"

"फोटो नाही काढले."

प्रिन्सिपल साहेब म्हणाले, "मग केलं कुठे?"

दुसऱ्या दिवशी मुलींना पुन्हा बोलावणं. साहेबांनी कुठून तरी दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेंचा गठ्ठा आणलेला. फोटोत मुली काहीतरी डोळ्याला लावून पाहताना दिसल्या पाहिजेत! सर तळमळले. "साहेब, एक्स-रेनं डोळे खराब होतात. अन् शुक्र गेला तिथून! आता काय दाखवायचं?"

साहेब म्हणाले, "शुक्र गेला असेल. सूर्य तर तोच आहे न?"

शेवटी सरांनी मुलींना सूर्याकडे पाठ करून उभं केलं अन् म्हटलं, भिंतीकडे पाहा, फोटोत काही कळत नाही. साहेब मधोमध, हातात मोठा एक्स-रे. कॅमेरावाला म्हणाला, "रेडी!" तेवढ्यात नववीतली एक पोट्टी ओरडली, "सर, दिसला! शुक्र दिसला!"

"कुठे?"

"इथे जी, डावीकडून तिसऱ्या बरगडीत!"

साहेबांनी विचारलं, "नाव काय पोरी तुझं?" अन् प्रतिवेदनात तिचं नाव घातलं. महिनाभरानं साहेबांना प्रशंसापत्र आलं. चौकट करून लावलं आहे, अजून ऑफिसात आहे. मी त्याच्याखाली बसून दर महिन्याला सही करते.

०००

जूनच्या शेवटी घरी लग्नाची पत्रिका आली. पोस्टानं. रेल्वेतल्या त्या मुलाचीच. शुक्र उगवल्यावरच्या पहिल्या मुहूर्तावर, मुलगी काटोलकडची. पोचली तेव्हा लग्न होऊन गेलं होतं.

बाबांनी सवयीप्रमाणे आधी पाकिटावरचा शिक्का वाचला. "पाच दिवस लागले," म्हणाले. "आमच्या वेळी तिसऱ्या दिवशी पोचलं असतं." मग पत्रिका उघडली, चष्मा वर-खाली केला, पंचांग काढून तारीख जुळवली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. चुकलं म्हणतील. निदान पाणी तरी मागतील.

बाबा म्हणाले, "मुहूर्त शुद्ध काढला आहे."

त्या दिवशी मी वरणाला फोडणी दिली ती करपवली. मुद्दाम. त्यांनी ताट पुसून खाल्लं.

पुढे आणखी दोन-चार स्थळं आली, अन् प्रत्येकात काही ना काही आडवं आलं. मग मीच नको म्हटलं. बाबांनी कारण विचारलं नाही. शेजारच्या काकू मात्र कोणीही पाहुणं आलं की माझ्यासमोर सांगायच्या, "लोकांच्या पोरींना मंगळ असतो माय, आमच्या कुंदाला शुक्र आडवा आला!" पाहुणे हसायचे. मीही हसायची. काय करता!

०००

२०१२ चा शेवटी ठेवला आहे, म्हणून पुढचे दोन आधी उरकते.

२०१६ मध्ये बुधाचं अधिक्रमण होतं. मे महिना, उन्हानं जीव जाऊन राहिला होता. बुध म्हणजे पुरीवर सुईचं टोक. सुरुवात पावणेपाचला, अन् सूर्य मावळेपर्यंत जेवढं दिसेल तेवढं. पण या वेळी साहेबांनी एक पुढारी मुख्य अतिथी म्हणून बोलावले होते. ते येईपर्यंत दुर्बीण उघडायची नाही!

त्या दिवशी अक्षय तृतीया. अतिथी लग्नं करत करत येणार. अन् गंमत पाहा, त्या वर्षीही तारा बुडालेलाच होता! पण अक्षय तृतीयेला चालतं म्हणे, तो दिवसच चांगला, त्या दिवशी कोणी तारा-बिरा विचारत नाही. म्हणजे चालतं! तारा बुडाला तरी चालतं. ही पळवाट आमच्या घरी कोणाला सुचली नव्हती.

अतिथी सव्वासहाला आले, कपाळाला तीन लग्नांच्या अक्षता. हार झाले. दुर्बिणीलाही हार घातला. नारळ फोडला, दिवा लावला; वारा होता, चार वेळा लावला. मग भाषण. ठोंबरे सर दर मिनिटाला पश्चिमेकडे पाहत होते. तिकडे पाण्याची टाकी. भाषणात प्राचीन ज्ञान आलं, बेटी आली, रस्ता आला, अन् सूर्य टाकीमागे गेला.

अतिथी खाली उतरले अन् सरांना म्हणाले, "हं, दाखवा."

सर म्हणाले, "झाकला गेला साहेब."

"अरे! मग आता?"

प्रिन्सिपल साहेब पुढे आले अन् म्हणाले, "काही हरकत नाही साहेब, फोटो आधीच निघाला आहे." दुसऱ्या दिवशी पेपरात खाली ओळ होती, बुधाचं निरीक्षण करताना मान्यवर. सरांनी ते कात्रण कापून हाराच्या सुकलेल्या फुलांसोबत दुर्बिणीच्या पेटीत ठेवलं.

०००

२०१९ ला पुन्हा बुध. पण तो सूर्यावर येणार होता आपल्याकडे सूर्य मावळल्यावर. अमेरिकेत दिसणार, सौंसरला नाही. साधी गोष्ट आहे. तरी आदेश आला, सर्व शाळांनी विद्यार्थ्यांना बुधाचं अधिक्रमण दाखवून प्रतिवेदन पाठवावं.

मी म्हटलं, "सर, एक जुना फोटो लावून द्या न. डोक्याला ताप कशाला?"

सर त्या दिवशी कशानं पेटले होते माहीत नाही. त्यांनी स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहिलं, "सूर्यास्तानंतर सूर्य दाखवण्याची व्यवस्था या शाळेत उपलब्ध नाही." खाली सही, शिक्का.

आठ दिवसांनी नोटीस. कारण सांगा, आपण ही व्यवस्था वेळेत का केली नाही?

आम्ही पोट धरधरून हसलो. सर नाही हसले. त्यांचं इन्क्रीमेंट त्या नोटिशीपायी दीड वर्ष अडकलं. ज्या शाळांनी फोटो पाठवले त्यांचं काही अडकलं नाही.

०००

आता २०१२.

आठ वर्षं मी एका गोष्टीची वाट पाहून राहिली होती. बाबांना तो शुक्र दाखवायचा. बस्स. ज्याच्यासाठी माझं लग्न अडवलं, तो एकदा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. मला त्यांची माफी नको होती. खोटं कशाला बोलू, मला त्यांना खजील करायचं होतं. अन् ही शेवटची संधी होती. हुकली की संपलं.

बाबा तेव्हा चौऱ्याहत्तरचे. महिनाभर आधीपासून मी विषय काढत होती अन् ते पेपर वाचत होते.

या वेळी शुक्र सूर्यावर बसूनच उगवणार होता अन् साडेदहाच्या आत निघून जाणार होता. ठोंबरे सरांना मी म्हटलं, "सर, यंदा दुर्बीण आमच्या अंगणात लावाल?" त्यांनी कारण विचारलं नाही. पहाटे मोटरसायकलला पाइप आडवा बांधून, सलाईनचा स्टँड पाठीशी अडकवून सौंसरहून पांढुर्ण्याला आले.

अन् आभाळ आलेलं! जूनचं काळं, जड आभाळ. सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले. सूर्याचा पत्ता नाही. बाबा आत दार लावून जपाला बसलेले, सकाळपासून पाणीही घेतलेलं नाही. मी अंगणात, सर अंगणात, मधे कोरा पुठ्ठा. सर म्हणाले, "मॅडम, आपल्या हातात जेवढं होतं तेवढं आपण केलं." मला रडू यायला लागलं अन् रागही. आठ वर्षं! अन् आता ढग?

साडेनऊ झाले असतील. ढग जरा फाटले, पुठ्ठ्यावर पिवळट उजेड पडला. पुन्हा गेला. पुन्हा पडला. मी धावत आत गेली अन् दार ढकललं.

"बाबा, चला."

"ग्रहण सुटू दे."

"चला म्हणते न!"

"कुंदा, मी असल्या वेळी बाहेर पडत नाही. तुला माहीत आहे."

मग मी बोलली. आठ वर्षांत जे बोलली नव्हती ते. मोठ्यानं नाही बोलली. "बाबा, हा गेला की पुन्हा शंभर वर्षं येत नाही. तेव्हा लोकांची नातवंडं-पतवंडं पाहतील. आपल्या घरातून पाहायला कोणीच राहणार नाही. तुमच्यानंतर मी, अन् माझ्यानंतर कोणी नाही. आपल्या घरातून कोणाला पाहायचं असेल तर आजच."

बाबांची माळ थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर हात देऊन उठले, खांद्यावर उपरणं घेतलं अन् उंबरठा ओलांडून बाहेर आले.

सरांनी नमस्कार केला अन् बाजूला सरले. पुठ्ठ्यावर सूर्य स्वच्छ उतरला होता, पुरीएवढा, अन् त्याच्या कडेशी तो. निघायच्या बेतात.

बाबांनी खिशातून चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, घातला. वाकले. बराच वेळ पाहिलं.

"हा?" त्यांनी विचारलं.

"हाच," मी म्हटलं.

"एवढासा?"

मी आठ वर्षं या शब्दाची वाट पाहिली होती. याच्यावर काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. पण त्यांचं तोंड पाहिलं अन् पाठ केलेलं सगळं गिळलं. मी त्यांना आईच्या वेळीही असं पाहिलं नव्हतं.

"पुठ्ठ्यावरचा डाग तर नाही?" बाबा म्हणाले.

सर हळूच म्हणाले, "नाही काका. शुक्रच आहे."

बाबांनी आंगठा पुढे केला अन् त्या ठिपक्यावर ठेवला. आंगठा उजेडात आला तसा ठिपका नखावर चढला. त्यांनी आंगठा काढला. ठिपका पुन्हा पुठ्ठ्यावर. मग ते खाली बसले, मातीतच, धोतर सावरायचंही भान नाही. उपरण्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं, माझं तोंड लहानपणी पुसायचे तसं, अन् ठिपक्यावर घासायला लागले. आधी हळूहळू, मग जोरात. पुठ्ठा हलत होता, सूर्य हलत होता.

"बाबा," मी म्हटलं.

"निघत नाही, कुंदे," ते म्हणाले.

सूर्य पुठ्ठ्यावरून सरकत चालला होता. दर दोन मिनिटांनी सर पाइप थोडा वळवून त्याला पुन्हा मधे आणत असत. या वेळी त्यांनी पाइपाला हात लावला नाही. सूर्य कडेला गेला, अर्धा झाला, पुठ्ठ्याबाहेर उतरला. पुठ्ठा कोरा झाला तरी बाबा घासतच होते.